इथेनॉलला बोल लावण्याआधी प्लग काढून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडी ॲव्हरेज देत नाही, सकाळी दहा-बारा किका मारल्याशिवाय सुरू होत नाही, चढाला मिस मारते. दुचाकीवाल्यांच्या या तक्रारी जुन्याच आहेत. नवे एवढेच, की आता सगळ्यांचे खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फुटते. ज्या गावांचा ऊस त्याच इथेनॉलसाठी कारखान्यात जातो, तिथल्या गॅरेजातही हेच ऐकू येते.

इथेनॉल अगदी निर्दोष नाही, पण त्याच्या वाट्याचा दोष कागदावर मांडता येतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के ऊर्जा कमी. २०२२ च्या मध्यापर्यंत आपण १० टक्के मिश्रणावर आलोच होतो. त्या पेट्रोलशी ताडून पाहिले तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी हिशेबाने ५८ वर यावी, जुन्या शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत फार तर ५६ वर. ती ४५ वर आली असेल तर उरलेले दहा-अकरा किलोमीटर दुसरेच कोणीतरी खाते आहे. ते कोण, हे पाहायची सगळ्यांत स्वस्त जागा म्हणजे स्पार्क प्लग. आणि नेमका तोच न बघता काचपेपरवर घासून परत बसवला जातो, नाहीतर नवा टाकून जुना कचऱ्यात जातो. दोन्ही प्रकारांत इंजिनाने लिहून ठेवलेले पुसले जाते.

प्लग बघणारे जे थोडे लोक आहेत, त्यांची वेगळी अडचण आहे. गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला आणि वाहनविषयक पुरवण्यांतही अधूनमधून छापून येणारा तक्ता सांगतो : चॉकलेटी म्हणजे उत्तम, काळा म्हणजे रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त), पांढरा म्हणजे लीन (हवा जास्त). हा तक्ता शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. तो गडद तपकिरी रंग बराचसा शिशाच्या क्षारांचा होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तक्ता मात्र भिंतीवरच राहिला. आजच्या पेट्रोलवर नीट चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट असतो : मारी बिस्किटाच्या रंगाचा, किंवा राखाडीकडे झुकणारा पांढरट. इथेनॉल जळताना काजळी कमी धरते, त्यामुळे तो आणखी स्वच्छ दिसतो. असा प्लग पाहून ‘लीन झालीय’ म्हणत कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, एअर स्क्रू फिरवणारा मेकॅनिक जेव्हा तक्त्यातला चॉकलेटी रंग येईपर्यंत मिश्रण रिच करत जातो, तेव्हा ॲव्हरेज इथेनॉलमुळे जात नाही, तक्त्यामुळे जाते.

रंग मुळात कशामुळे येतो ते लक्षात घेतले की तक्त्याची गरज कमी होते. प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनीमातीचे टोक ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. त्याच्या खाली राहिले तर काजळी साठत जाते. उलट ८०० अंशांच्या बरेच पुढे गेले तर टोकच निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देते. पिस्टनला भोक पडण्याची ती सुरुवात. म्हणजे रंगात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : मिश्रण, टोकाचे तापमान आणि जळणारे ऑइल. घर ते मंडई, मंडई ते शाळा असे दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरचे टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. तिचा प्लग काळा निघाला म्हणून लगेच कार्बोरेटर उघडू नये. आधी ती गाडी एकदा तासभर रस्त्यावर चालवून आणावी आणि मग पुन्हा पाहावे.

कोणत्या चालीनंतर पाहिले, हे म्हणूनच रंगाइतकेच महत्त्वाचे आहे. ॲव्हरेजचा प्रश्न असेल तर ॲव्हरेज ज्या चालीत मोजतो त्याच चालीचा प्लग पाहायचा. १२ ते १५ किलोमीटर मोकळ्या रस्त्याने ४५-५० च्या स्थिर वेगात जावे, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) फार हलवू नये, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद करावे आणि गाडी कडेला घ्यावी. किल स्विच नसेल तर कडेला थांबताच इंजिन बंद करावे. दहा-बारा सेकंदांच्या आयडलिंगने या वाचनात मोठा बिघाड होत नाही. चालत्या गाडीत चावी मात्र फिरवू नये, दिवे जातात आणि हँडल लॉकचा धोका असतो. सिग्नलवर चार मिनिटे फुरफुरत गॅरेजात आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगचे सांगतो. कार्बोरेटरमध्ये आयडलपासून थ्रॉटलच्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारे मोजके भोक) आणि एअर स्क्रूचे राज्य असते, पाव ते पाऊण थ्रॉटलला वर-खाली होणाऱ्या नीडलचे, आणि त्यापुढे मेन जेटचे. शहरातली दुचाकी पूर्ण थ्रॉटलवर जवळजवळ कधीच नसते. तरीही ॲव्हरेजच्या तक्रारीवर पहिला हात मेन जेटला का जातो, हे कोडेच आहे.

काढण्याची रीत. इंजिन थंड झाल्यावर काढावा. बघण्याची घाई असेल तर निदान हात लावता येईल इतके निवू द्यावे. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते, गरम असताना ओढाताण केली की आटे प्लगबरोबरच बाहेर येतात. कॅप धरून ओढावी, वायर धरून नाही. प्लगच्या खळग्यातली माती हवा मारून किंवा ब्रशने काढल्याशिवाय पाना लावू नये, कारण प्लग निघताच ती थेट बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) पडते. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना १० मि.मी. आट्यांचा प्लग असतो आणि त्याला १६ मि.मी.चा प्लग पाना लागतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर आणि शेतीच्या बऱ्याच इंजिनांना १४ मि.मी.चा प्लग आणि २१ चा पाना. पाना तिरका लागला तर वरची चिनीमाती तडकते. तडा केसाएवढा असला तरी पावसाळ्यात ठिणगी तिथूनच बाहेर उडी मारते.

प्लग हातात आल्यावर उजेडात, शक्यतो दिवसा आणि भिंगाखाली पाहावा. आधी आट्यांच्या टोकाचे धातूचे कडे, मग बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड, मग मधली चिनीमाती, आणि शेवटी टॉर्च मारून ती चिनीमाती जिथे आत धातूला टेकते तो तळ. कड्यावरची काजळी मुख्यतः आयडलची आणि कमी थ्रॉटलची असते. ते कडे काळपट आणि चिनीमाती फिकट, ही शहरात चालणाऱ्या कार्बोरेटर गाडीची अगदी नेहमीची, निरोगी अवस्था आहे. पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण कळते ते तळाशी उमटणाऱ्या काजळीच्या बारीक वर्तुळावरून, पण ते वाचायला नवा प्लग आणि पूर्ण लोड लागतो. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

कोरडी, मखमली, बोटाला लागणारी काळी काजळी सगळीकडे असेल तर लोक एका शब्दात ‘रिच’ म्हणतात. घाई होते. ठिणगी कमजोर असली तरी नेमके हेच दिसते, कारण मिश्रण अर्धवट जळते. म्हणून आधी मल्टिमीटर लावावा. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रेझिस्टरवाल्या प्लगला ५ किलो-ओहमच्या आसपास वाचन येते. काहीच येत नसेल तर आतला रेझिस्टर तुटला आहे. वरच्या टोकापासून धातूच्या अंगापर्यंत काहीच वाचन येता कामा नये. तिथे एक मेगा-ओहमच्या खाली काही दिसत असेल, तर काजळीतूनच वीज वाहून जाते आहे. आता तो प्लग कारण आहे आणि परिणामही, दुष्टचक्र सुरू झालेले असते. प्लग कॅप वायरवरून पिळून काढावी, वायरचे टोक हिरवे पडले असेल तर पाच-सहा मि.मी. कापून पुन्हा पिळून बसवावे. कोकणातल्या गाड्यांत अर्धे ‘मिसिंग’ इथेच मिटते.

वीज ठीक निघाली तर मग हवेकडे. एअर फिल्टर काढून पाहावा. अनेक गाड्यांत आता तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. हवा मारली की तेलाचा थर फाटतो आणि धूळ बोअरमध्ये जाते. त्यानंतर चोक. चोकची केबल अडकून अर्धवट ओढलेली राहणे, स्कूटरचा ऑटो चोक न सुटणे, हे दोष पंधरा किलोमीटर चालवूनही प्लग काळा ठेवतात. त्यानंतर फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा : त्याच्या नीडल वाल्व्हमध्ये कचरा किंवा टोकाला खाच असेल तर पातळी वर राहते, कधी ओव्हरफ्लो होऊन पेट्रोलचा वास येतो, कधी फक्त पिते. आणि साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत हमखास दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे जेट नीडल आणि ती ज्यात वर-खाली होते तो नीडल जेट. सततच्या घासण्याने त्याचे गोल भोक लांबट होते, पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर पेट्रोल जास्त जाते, आयडल मात्र उत्तम असते. अशा गाडीत एअर स्क्रूने काहीही साधत नाही. दोन्ही भाग जोडीने बदलावे लागतात. वर जे दहा किलोमीटर कोणीतरी खाते म्हटले, ते खाणारा पुष्कळदा हाच.

स्क्रूबद्दल एक सूचना, कारण इथे जाणतेही चुकतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत फिरवल्यावर मिश्रण रिच होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणच सोडतो, बाहेर फिरवल्यावर रिच होते. दिशा उलटी आहे. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून किती फेरे होते ते लिहून ठेवावे, म्हणजे परतीची वाट राहते.

ओला काळा प्लग दोन प्रकारचा. पेट्रोलचा वास येऊन पाच मिनिटांत वाळत असेल तर ठिणगी पडत नाही किंवा फ्लडिंग झाले आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल फार शिरले आहे. वाळत नसेल, तेलकट चमक असेल, तर इंजिन ऑइल पिते आहे. आता घाटाची मदत घ्यावी. ताम्हिणीसारखा लांब उतार थ्रॉटल बंद ठेवून उतरावा आणि खाली आल्यावर एकदम थ्रॉटल द्यावा. निळ्या धुराचा एकच मोठा भपका आला तर बहुधा वाल्व्हचे ऑइल सील गेलेत. चढाला, लोडवर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर. खात्री करायची तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे, प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा, न वाढला तर वाल्व्ह. सील बदलण्याचे काम आणि बोअर-पिस्टन किट यांच्या खर्चात फार मोठा फरक आहे, तो या एका चमच्यावर ठरतो. ‘ऑइल पिते’ म्हणून सरळ किट टाकायला सांगितले जाते, तेव्हा ग्राहकाने हे मोजमाप मागावे.

पांढऱ्या प्लगकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण निरोगी फिकट आणि धोकादायक पांढरा यांत रंगाचा फरक थोडा, पोताचा फार. निरोगी चिनीमाती गुळगुळीत असते आणि इलेक्ट्रोडच्या कडा शाबूत असतात. धोकादायक प्लगवर चिनीमाती खडूसारखी भकाभक पांढरी, कधी बारीक फोड आलेली, मधला इलेक्ट्रोड कडेने वितळल्यासारखा गोल, बाजूचा इलेक्ट्रोड निळसर किंवा जांभळट. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके असतील तर नॉकिंग (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणे) चालू आहे. ठिपके चमकणारे, चांदीसारखे असतील तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवावी, त्यात दुमत नाही.

इथे इथेनॉलचा खरा वाटा येतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जेटच्या भोकाप्रमाणे पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेला जुना कार्बोरेटर या मिश्रणावर ८ टक्क्यांच्या आसपास लीन चालतो. मुळात थोडा रिच बसवलेला असेल तर तो त्यातच सामावतो, आधीच काटकसरीने बसवलेला असेल तर थंड इंजिन धरत नाही, थ्रॉटल देताना अडखळते. पण जेट बदलण्याआधी लीनची फुकटची कारणे संपवावीत. कार्बोरेटर आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड दाबून, वाकवून पाहावा; भेगा आतल्या वळणात असतात. इंजिन आयडलवर ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी थेंबथेंब सोडावे. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. यासाठी पेट्रोल फवारणारे महाभाग आहेत, त्यांनी आग विझवायचीही तयारी ठेवावी. मग टाकीचा कॉक, त्याची जाळी, आणि फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत काढलेले पेट्रोल. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाणी फार झाले की पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो. बाटलीत दोन थर दिसले तर टाकीच्या झाकणाचे रबर आणि पाऊस दोषी. तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पायलट जेट चिकटून बंद होते, ते क्लीनर आणि हवेने उघडावे. तारेने भोसकले की भोक मोठे होते आणि पुन्हा कधीच मूळ राहत नाही. हे सगळे नीट असूनही प्लग पांढरा फोडाळ येत असेल तरच मेन जेट एक पायरी वर न्यावा, १०० नंबर असेल तर १०५. आठ टक्के क्षेत्रफळ वाढवायला व्यास चारच टक्के वाढवावा लागतो, ११० ची गरज नसते.

पांढऱ्याचे आणखी एक कारण प्लगवरच छापलेले असते, पण वाचले जात नाही : चुकीचा हीट नंबर. एनजीके कंपनीच्या सीआर७एचएसए या प्लगच्या नावात सी म्हणजे १० मि.मी. आटे, आर म्हणजे रेझिस्टर, ७ हा हीट नंबर, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मि.मी. एचच्या जागी ई असेल तर लांबी १९ मि.मी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर हेडला देणारा. बॉशमध्ये नेमके उलट, आकडा वाढला की गरम. दुकानात ‘सातचाच आहे, दुसऱ्या कंपनीचा’ म्हणून दिलेला प्लग त्यामुळे भलताच निघू शकतो. एक नंबर इकडे-तिकडे झाला तर टोकाचे तापमान ७० ते १०० अंशांनी बदलते. आट्यांची लांबी चुकली तर त्याहून वाईट : लांब प्लग आत डोकावतो आणि पिस्टनला लागू शकतो, आखूड प्लगमुळे हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन भरतो आणि पुढच्या वेळी योग्य प्लग जातच नाही.

बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या अंगाला लागून तपकिरी कडे दिसते. ‘प्लग लीक होतोय’ म्हणून तो फेकला जातो. तो लीक नसतो. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन डाग पडतो, त्याने काहीच बिघडत नाही. त्याच चिनीमातीवर वरून खाली गेलेली पेन्सिलीसारखी काळी रेघ मात्र ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण आहे. तिथे प्लगबरोबर कॅपही बदलावी.

एका सिलिंडरला दोन प्लग असलेल्या पल्सरसारख्या गाड्यांत निदान सोपे होते. दोन्ही प्लगना मिश्रण एकच मिळते. दोन्ही काळे असतील तर मिश्रण किंवा ऑइल. एक काळा आणि एक स्वच्छ असेल तर काळ्याचा कॉइल, कॅप किंवा तो प्लगच. तीन-चार सिलिंडरच्या गाडीत प्लग काढतानाच क्रमाने, अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवावेत. सगळे सारखे म्हणजे सामाईक कारण, एकच वेगळा म्हणजे त्याच सिलिंडरचे दुखणे. ढिगात टाकले की ही माहिती गेली. सीएनजी रिक्षा आणि टॅक्सीच्या प्लगवर मिश्रणाचा रंग शोधू नये, तो जवळजवळ नेहमीच स्वच्छ, पांढरट असतो. तिथे गॅप आणि इलेक्ट्रोडची झीज पाहायची. गॅसला ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि सीएनजीवर मिस मारतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ दुचाकींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी सोय) आणि सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे. इथेनॉलमुळे आलेला लीनपणा तो बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो, म्हणून या गाड्यांत प्लगचा रंग मिश्रण जुळवायला वापरण्यात अर्थ नाही. पण तिथे प्लग काळा निघाला तर तो अधिक गंभीरपणे घ्यावा, कारण संगणक दुरुस्ती करूनही हरला आहे : गळका इंजेक्टर, मेलेला सेन्सर किंवा चोंदलेला फिल्टर.

शेतकऱ्यांच्या पेट्रोल फवारणी पंपाचा आणि ब्रश कटरचा विषय निम्म्या जागेत आटपतो, पण नुकसान तिथेच जास्त होते. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलबरोबर ऑइल जळते, त्यामुळे प्लग थोडा गडद आणि किंचित तेलकट असणे योग्य. लिटरला ऑइल २० मिलिलिटर म्हणजे ५० ला १, ४० मिलिलिटर म्हणजे २५ ला १. कोणते, ते यंत्राच्या पुस्तिकेत असते. अंदाजाने ओतले जाते, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजले जात नाही. जास्त ओतले तर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये कार्बनचा पूल तयार होऊन यंत्र अचानक बंद पडते, प्लग साफ करून लगेच चालते. कमी ओतले तर प्लग छान फिकट दिसतो आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. म्हणून इथे फिकट प्लग पाहून समाधान मानू नये. पूर्ण थ्रॉटलचे वाचन घ्यायला ही यंत्रे सोयीची आहेत : प्रत्यक्ष गवतात दोन मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर चालवावे आणि थ्रॉटल न सोडता स्विचने बंद करावे.

वाचून झाल्यावर तो प्लग परत वापरायचा की नाही? काचपेपर आणि तारेचा ब्रश चिनीमातीवर धातूच्या रेघा ओढतात, त्या रेघांवरून ठिणगी पळते. गॅसवर लाल करून ‘साफ’ केलेला प्लग आतून तडकतो. कोरडी काजळी असेल तर मऊ नायलॉन ब्रश आणि क्लीनर पुरे, ऑइलने भिजलेला असेल तर बदलावा. साधा प्लग शंभर-दीडशे रुपयांत येतो. मधल्या इलेक्ट्रोडची धारदार कड गोल झाली असेल तर कितीही स्वच्छ असला तरी त्याचे आयुष्य संपले, कारण ठिणगी धारेवरून सहज पडते. उघड्या हवेत निळी ठिणगी पडते म्हणून प्लग चांगला, ही समजूतही सोडावी. मोकळ्या हवेत ठिणगी पडायला जेवढे व्होल्टेज लागते, त्याच्या कितीतरी पट कॉम्प्रेशनखाली लागते. ही परीक्षा करायचीच तर प्लगचे अंग हेडला घट्ट टेकवून आणि प्लगच्या भोकापासून दूर करावी, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

गॅप फीलर गेजने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवावा. जुन्या सीडीआय (ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) गाड्यांत तो बहुधा ०.६ ते ०.७ मि.मी., नव्या बऱ्याच गाड्यांत ०.८ ते ०.९. फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलवावा, स्क्रू-ड्रायव्हर मधल्या इलेक्ट्रोडला टेकवून उचकटला की चिनीमाती तुटते. हातातून फरशीवर पडलेला नवा प्लगही बसवू नये. आटे कोरडे ठेवून प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागला आहे, पान्याने जोर लावायची ती वेळ नाही. पुढे टॉर्क रेंच असेल तर १० मि.मी. प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर, १४ मि.मी.ला २५ ते ३०. नसेल तर नव्या प्लगला बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, म्हणजे नवे वायसर दबते. तोच जुना प्लग परत बसवताना घड्याळाचा तासकाटा एका आकड्यावरून पुढच्यावर जाईल तेवढेच. सैल राहिला तर उष्णता हेडला जात नाही आणि पुढच्या वेळी तो पांढरा फोडाळ निघतो, मग पुन्हा पेट्रोलला शिव्या.

सर्व्हिसिंगला गाडी देताना जुना प्लग न घासता, न पुसता परत द्या असे सांगावे. बिलावर किलोमीटरचा आकडा असतोच. प्लग त्याच बिलात गुंडाळून ठेवला की सहा महिन्यांनी दुसरा निघेल तेव्हा ताडून पाहायला दोन होतात.

आपला,
दुचाकी व शेतीयंत्रे दुरुस्तीच्या कामातील एक वाचक